मुळशीची झाडे कोणाच्या नावाने?

पुण्यात सेनापती बापटांच्या नावाचा रस्ता आहे. ‘सेनापती’ हे बिरुद ज्या लढ्याने त्यांना दिले, त्यातील सैनिक कोण होते, असे विचारले तर मात्र उत्तर क्वचितच मिळते. ते होते मुळशी पेट्यातील मावळे.

मुळा व निळा यांच्या संगमाजवळ टाटांनी धरण बांधावयास घेतले, तेव्हा सुमारे पन्नास गावांवर गंडांतर आले. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेला सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि अखेर मोडला. आंबेमोहोराची खाचरे बुडाली. त्या पाण्यावर भिरा येथे निर्माण झालेली वीज मुंबईला गेली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातील एक गोष्ट आजही बोचते. मोबदला कागदावरील मालकाला मिळतो, कसणाऱ्याला नव्हे. मुळशीतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली वा गहाण पडलेली होती. धरणाच्या मोबदल्यात त्यांना बुडालेले कर्ज वसूल होताना दिसत होते. कुळाच्या पिढ्यानपिढ्यांच्या श्रमाला मात्र कोणत्याच रकान्यात जागा नव्हती.

म्हणून माझी एक सूचना आहे. जलाशयाकाठच्या रस्त्याने, बुडालेल्या प्रत्येक गावाच्या नावाने, वृक्षांची एक रांग उभी राहावी. ऑस्ट्रेलियात बॅलरट येथे पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या नावे एकेक झाड लावले गेले. मग ज्यांनी हे खोरे प्रथम लागवडीस आणले, त्यांच्या नावे आपण आंबा, जांभूळ, वड का लावू नयेत?

कोणी म्हणेल, झाडे लावून अन्यायाची भरपाई होते काय? होत नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. पुनर्वसनाचा हक्क वेगळा, स्मृती वेगळी. परंतु ज्याची आठवणच पुसली गेली, त्याचा हक्क मागणार तरी कोण?

मात्र हा सोहळा ठेकेदाराचा होता कामा नये. आषाढात छायाचित्र आणि चैत्रात वाळलेली काटकी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. रोपे जगेपर्यंत पाणी घालण्याची मजुरी त्याच खोऱ्यातील माणसांना मिळावी. आणि फलकावर खातेदारांइतकीच कुळांची, शेतमजुरांची, स्त्रियांची नावे असावीत.

ही नावे सरकारी दप्तरात पुरती सापडणार नाहीत. ती वृद्धांच्या तोंडी आहेत. खड्डे खणण्यापूर्वी आपल्या कार्यकर्त्यांनी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसावे. कामाचा आरंभ तिथूनच होईल.