वाटेतल्या दिवसांचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात खामगावला आमच्या गटाची बैठक होती. विषय नेहमीचाच, रेशनकार्डावर बाईचं नाव. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई ही कुटुंबप्रमुख ठरवली. तरी दुकानदार कार्ड कोणाच्या हातात देतो, यावर चर्चा चालली होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक सिंधी आजी म्हणाल्या, "कागद कोनाच्या नावचा हाये ते पाहा पोरीहो, मंग बाकीचं बोला."

आजी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. फाळणीनंतर सिंधमधून निघाल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. वडील निघण्याआधीच गेले होते. कराचीहून बोटीने मुंबई, मग मुंबईजवळच्या एका छावणीत दीड वर्ष. छावणीच्या वहीत आईचं नाव दिराच्या नावाखाली घातलेलं. तिला स्वतंत्र कार्ड नव्हतं. दीर रागावला की त्या दिवशीचं धान्य बंद. पुढे दिराला खामगावच्या कापूस बाजारात काम मिळालं आणि तो निघाला. त्याच्याबरोबर कार्डही निघालं, म्हणून तीन लेकरं घेऊन आईही निघाली. जळंबला गाडी बदलून सगळे खामगावला उतरले. "माह्या मायनं हे गाव निवडलं नाही," आजी म्हणाल्या, "कार्ड जिकडं गेलं, तिकडं ती गेली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. निर्वासित म्हटलं की मला दिल्ली किंवा जिनिव्हाची कार्यालयं आठवत. आपल्या बुलडाण्याचा त्याच्याशी काय संबंध, असंच वाटायचं. आणि इथे आमच्याच गटात एक निर्वासित बाई वीस वर्षं येत होती. आम्ही तिला कधी विचारलंही नव्हतं.

देश सोडून निघालेल्या माणसाच्या आयुष्यात एक मधला काळ असतो. मागचं गाव सुटलेलं, पुढचं ठरलेलं नाही. ज्या देशात तो काळ काढायचा, तो देश म्हणतो, हे इथले नव्हेत, आज ना उद्या जातील. म्हणून शाळा नको, काम नको, पक्का कागद नको. पण वाटेतले हे दिवस वर्षांवर जातात. त्यात बाया बाळंत होतात, मुली वयात येतात, म्हातारी माणसं मरतात. जगणं थांबत नाही, फक्त त्याची नोंद कोणी करत नाही.

हा मधला काळ माणसासारखा काढू देणं अशक्य आहे का? महाराष्ट्रातच त्याचं उत्तर आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने १९४० आणि ४१ मध्ये यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. तिथून सुटून ते इराणमार्गे इथवर आले. पुरुष बहुतेक सैन्यात, त्यामुळे छावणीत मुख्यतः बाया आणि मुलं. सगळ्यांना माहीत होतं की हे लोक इथे कायमचे राहायला आलेले नाहीत. तरीही तिथे शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं होत होती. शिकवणाऱ्या आणि रुग्णांची सेवा करणाऱ्यांत त्याच बाया होत्या.

याचं फार कौतुक करून थांबायला नको. हे लोक ब्रिटिशांच्या मित्रराष्ट्राचे होते, गोरे होते, आणि खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार उचलत होतं. त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा वळिवड्याच्या बायांच्या पाठीशी उभं असलेलं सरकारच नाहीसं झालं. मायदेशी परतणाऱ्या थोड्या, बाकीच्या ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पांगल्या. कृपेवर उभा असलेला आश्रय कृपा सरली की पडतो. पुढे त्याच जागेवर फाळणीतले सिंधी निर्वासित येऊन राहिले. आज ज्या गांधीनगरच्या बाजारातून आपण घाऊक कापड आणतो, ते हेच.

आज काय आहे? निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७च्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही. निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. १९४६चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, पण जीव वाचवायला आलेली बाई आणि व्हिसा संपूनही राहिलेला पर्यटक यांत फरक करणारी हक्काची तरतूद त्यातही नाही. तिबेटी लोकांना, श्रीलंकेतल्या तमिळांना सरकारने वेळोवेळी आदेश काढून सवलती दिल्या. त्या हव्यातच. पण आदेश म्हणजे हक्क नव्हे. चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटनेच्या २१व्या कलमातला जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. रोहिंग्यांच्या प्रकरणात २०२१च्या अंतरिम आदेशात त्याच न्यायालयाने, रीतसर प्रक्रिया करून परत पाठवायला मोकळीक दिली. दोन्ही वाक्यं आपल्याच देशातली आहेत.

पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलींचा विचार करा. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं, डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठं बंद केली. शिकायला म्हणून आलेल्या मुलीला आता परतायची वाट नाही. व्हिसा शिक्षणापुरता. तिसऱ्या देशाने बोलवावं म्हणून वाट पाहायची, तर जगात दरवर्षी शंभरातल्या एकाही निर्वासिताला अशी जागा मिळत नाही. अमेरिकेने तर जानेवारी २०२५ मध्ये आपलं दारच लावून घेतलं. म्हणजे हा मधला काळच तिचं आयुष्य होऊन बसतो.

आमच्या बैठकीत एक मैत्रीण म्हणाली, "आपल्याच बायांचे हाल कमी आहेत का? परक्यांचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. सिंदखेडराजा, लोणार भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला काय म्हणतात? एक कोयता. राबतात दोघं, उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. म्हणजे छावणीची वही आणि मुकादमाची वही एकाच हाताने लिहिलेली आहे. गाव सोडून वाटेला लागलेली बाई कुठलीही असो, ती कोणाच्या तरी नावाखाली मोजली जाते. तो माणूस मेला, पळाला किंवा मारू लागला, की तिचा कागद जातो. हा प्रश्न आपला नाही तर कोणाचा?

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. आश्रय मागणाऱ्यांसाठी देशाने कायदा करावा, आणि जात-धर्म पाहून नव्हे, जिवाचा धोका पाहून आश्रय द्यावा. प्रत्येक सज्ञान बाईला तिच्या स्वतःच्या नावाचा कागद मिळावा. तिची हकिगत नवऱ्याच्या वा भावाच्या गैरहजेरीत, बाई अधिकाऱ्याने, बाई दुभाषीच्या मदतीने ऐकावी. निकाल लागेपर्यंत शाळा, दवाखाना आणि काम बंद असू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काही आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यात नागरिकत्वाची अट नाही, हे प्रत्येक कार्यकर्तीने पाठ करून ठेवावं आणि ठाण्यात ठामपणे सांगावं. मदतीला आलेल्या बाईला आधी पाणी द्यावं, कागद नंतर विचारावा. आणि आपल्या गावातल्या फाळणीच्या, धरणाच्या, दुष्काळाच्या वाटेने आलेल्या म्हाताऱ्या बायांना विचारावं, तुमचं नाव कोणाच्या नावाखाली होतं? ऐकलेलं आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या अंकांतून छापू.

मुंबई-हावडा गाड्या मलकापूर, नांदुरा, जळंब, शेगाव करत रोज आपल्या दारावरून जातात. त्यातली एखादी बाई उद्या इथे उतरेल. बैठक संपताना आजींना आमच्या वहीत सही करायची होती. वही पुढे केली तेव्हा त्यांनी आधी आईचं नाव लिहिलं, मग स्वतःचं.