बँक बुडाली तर आधी कोण बुडणार?



‘संकटात भांडवलशाही देश बँका वाचवतात, समाजवादी देश माणसे’ हे आपल्या पुरवणीतील लेखाचे सूत्र टाळ्या घेणारे आहे, पण 2008च्या बँकसंकटाच्या अनुभवापुढे टिकत नाही. आयर्लंड आणि आइसलँड दोन्ही युरोपातले, दोन्हीकडे बाजाराला मोकळे रान आणि बँका बेसुमार फुगलेल्या. तरी दोघांनी उलट वाटा धरल्या.

आयर्लंडने 30 सप्टेंबर 2008 रोजी, रात्रभराच्या खलबतांनंतर, सहा बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांची हमी घेतली. ठेवीदारांची घेतली हे समजू शकते. पण चार पैसे जास्त मिळावेत म्हणून या बँकांचे रोखे घेणाऱ्या बड्या गुंतवणूकदारांचीही? बँकांचे खड्डे बुजवण्यात अखेर सुमारे 64 अब्ज युरो गेले. लोकसंख्या जेमतेम 45 लाख, म्हणजे तान्ह्या पोरासकट माणशी 14 हजार युरो. पुढे पगारकपात आली, पेन्शनसाठी राखलेल्या निधीलाही हात लागला, बेकारी 15 टक्क्यांवर गेली आणि तरुण पोरे ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघाली.

आइसलँडच्या तिन्ही बड्या बँका ऑक्टोबर 2008मध्ये आठवड्याभरात कोसळल्या. सरकारने देशातल्या ठेवी नव्या बँकांत वळवल्या आणि परदेशी रोखेधारकांना जुन्या बँकांच्या अवसायनाच्या रांगेत उभे केले. ब्रिटन व नेदरलँडने बुडालेल्या बँकेतील आपापल्या ठेवीदारांना दिलेली भरपाई आइसलँडच्या तिजोरीतून फेडण्याचा करार जनतेने 2010 आणि 2011 अशा दोन्ही सार्वमतांत धुडकावला. काही बँकप्रमुख तर चक्क तुरुंगात गेले.

यात शौर्य फारसे नव्हते, हेही खरे. बँकांचा पसारा देशाच्या उत्पन्नाच्या दहापट. वाचवायची ऐपतच नव्हती. क्रोना निम्म्यावर आला, महागाई 18 टक्क्यांवर गेली आणि तिच्याशी जोडलेली गृहकर्जे फेडता फेडता वाढत राहिली. भांडवल बाहेर नेण्यावरचे निर्बंध 2017पर्यंत चालले. पण चलन स्वतःचे होते, म्हणून ते घसरू देता आले. आयर्लंडकडे युरो. नोव्हेंबर 2010मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष त्रिशे यांनी पत्र धाडले: मदतीसाठी अर्ज करा, नाहीतर तातडीचा पतपुरवठा विसरा. दोनच दिवसांत सरकारने अर्ज केला.

तेव्हा देशाच्या कपाळावरची पाटी वाचून भागणार नाही. आपल्याकडेही ठेवीदारांच्या पैशांतून बँक सावरण्याची तरतूद असलेले विधेयक 2017मध्ये आले आणि ओरड झाल्यावर 2018मध्ये मागे गेले. उद्या एखादी मोठी बँक बुडाली, तर आधी कोणाचे भागभांडवल, मग कोणाचे रोखे आणि शेवटी कोणाची ठेव जाणार, यावर लेखकाने पुढच्या लेखात सविस्तर लिहावे, ही विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली