दाढ ओपीडीची वेळ बघून दुखत नसते

"आपल्या लोकांना दातांची किंमतच नाही, पेशंट येत नाहीत." हे वाक्य दातांच्या डॉक्टरांकडून किती वर्षं ऐकायलोय. आज बोलतोच.

परवा हिमायतनगरच्या बाजारात एक मावशी भेटल्या. गाल टम्म सुजलेला, दाढेत लवंग धरलेली. म्हणलं, मावशी, दवाखान्यात का नाही गेलात? "कवा जाऊ लेकरा? सकाळी खुरपायला जाते, दिवस मावळल्यावर येते. तवर डॉक्टर बसतो का?"

पूर्वी बाजारात कापड अंथरून दात उपटणारे बसायचे. ते गेले, चांगलंच झालं. तालुक्याला दवाखाने आले. पण आता कुठं डॉक्टर शहरातून ठरलेल्या वारीच येतात, कुठं आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दातांची कामं तातडीपुरतीच चालली, तेव्हापासून हे फोनचं खूळ जास्तच रुजलं. रोजानं जाणाऱ्या बाईनं परवाची वेळ आज कशी सांगावी?

दाढ वाचवायची म्हणजे रूट कॅनल, दोन-तीन खेपा. दर खेपेला रोज बुडणार, नांदेडला जायचं तर गाडीभाडं वेगळं. उपटायला एकच खेप. म्हणून लोक उपटतात. अन् आपण म्हणायचं, अडाणी आहेत!

खासगी डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना भाडं, मशीन, हप्ते आहेत. पेरणीत दवाखाना ओस, सोयाबीनचा पैसा आला की गर्दी, हे मी बघतो. प्रश्न सरकारला आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 पासून कागदावर आहे. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 24.4 टक्के प्रौढ तंबाखू खाणारे-लावणारे निघाले, म्हणजे चारात जवळपास एक. गालातला पांढरा चट्टा वेळेवर कोण बघणार? दाढ दुखली म्हणून तोंड उघडलं तरच तो दिसतो ना!

सरकारी दवाखान्यात दातांची ओपीडी बाजारच्या दिवशी दिवसभर आणि आठवड्यातून दोनदा रात्री 8 पर्यंत ठेवा. सहा महिने चालवून बघा, मग म्हणा पेशंट येत नाहीत. आमदार साहेब, एवढी मागणी लावून धरा. तुमच्या गावाकडं दातांचा डॉक्टर कधी भेटतो, कमेंटमध्ये लिहा. यादी करून निवेदन देऊ.

मावशींना म्हणलं, उद्या माझ्यासोबत चला. म्हणाल्या, "सोयाबीन निघू दे, मग बघू."