लस घ्यावी, पण ऋणही मानावे

पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात आठव्या महिन्यातल्या एका सुनेने मला विचारले, "ताई, काविळीची लस माकडांना कोंडून, टोचून तयार केली म्हणे. आपण पंचशील घेणारे. बाळाला द्यायची का?"

तिचे ऐकणे खोटे नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू माणसाखेरीज चिंपांझीलाच सहज लागतो. म्हणून १९८१ साली अमेरिकेत मंजूर झालेली पहिली लस आधी चिंपांझींवर तपासली गेली. न्यूयॉर्क ब्लड सेंटरने तर १९७४ पासून आफ्रिकेतील लायबेरियात चिंपांझी पिंजऱ्यात ठेवून असे प्रयोग चालवले.

पण प्रयोग फक्त प्राण्यांवरच झाले असे नाही. १९५६ पासून न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेत मतिमंद मुलांना मुद्दाम काविळीची लागण केली गेली. आईबापांची सही होती. पण पुढे इतर वॉर्ड भरले आणि प्रयोगाच्या वॉर्डातच प्रवेश मिळू लागला. अशा सहीला संमती म्हणायचे का? ज्याला आवाज नाही, त्याला सुई आधी टोचली जाते. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. दुखवण्यालाही मी तेच माप लावते. तेव्हा गरज होती, असे मी मानते. आज ही लस यीस्टमध्ये बनते. ब्लड सेंटरने मात्र २०१५ मध्ये, नदीतल्या बेटांवर ठेवलेल्या साठहून अधिक चिंपांझींचा खर्चच बंद केला. ही कसली गरज? जगभर ओरड झाली, तेव्हा कुठे २०१७ मध्ये ६० लाख डॉलर द्यायला ते तयार झाले.

त्या सुनेला मी सांगितले, लस घे. जन्मताना आईकडून लागण झाली, तर दहापैकी नऊ बाळांत ती कायमची राहते. पुढे यकृत निकामी होते, कॅन्सरही होतो. गरोदरपणात रक्त तपासून घे. बाळाला २४ तासांच्या आत पहिला डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट. सरकारी दवाखान्यात सगळे मोफत आहे.

लस नाकारून त्या जीवांचे दुःख कमी होत नाही. भारतात २०२३ च्या नियमांनी प्राण्यांशिवायच्या चाचण्यांना वाट दिली आहे. जिथे ते शक्य आहे तिथे तेच करा आणि वापरलेल्या जीवांना शेवटपर्यंत सांभाळा, ही मागणी आपण लावून धरू या.