नळी गुंडाळून ठेवा

कडाक्याच्या थंडीत आरव्हीची पाण्याची नळी गोठू नये म्हणून काय करावं? माझं उत्तर एका ओळीचं आहे: नळीत पाणी ठेवू नका. सांडपाण्याच्या नळीचं उत्तरही तेच. एवढं सोपं असेल तर लोक यावर इतका खर्च आणि इतकी डोकेफोड का करतात, हा खरा प्रश्न आहे, आणि आजचा वीकांत त्याच्यावर.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत बेड, शेगडी, मोरी, संडास, सगळं. ऑनसाईट गेलेल्या आपल्या मंडळींनी लाँग वीकांताला एकदा तरी भाड्याने घेऊन पाहिलेलं असतं. कॅम्पग्राउंडवर गाडी लावली की तीन गोष्टी जोडायच्या: विजेची केबल, नळापासून गाडीपर्यंत पाण्याची नळी, आणि गाडीपासून जमिनीतल्या मैलावाहिनीपर्यंत जाड, अकॉर्डियनसारखी नळी. उन्हाळ्यात हे झकास चालतं. पारा शून्याखाली गेला की दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडणीचं भजं होतं. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण महाराष्ट्रात पाणी गोठायची भीती नाही. भीती आहे ती जानेवारीत व्हॅन घेऊन स्पितीला जायचे बेत रचणाऱ्यांना. आणि असे बेत आजकाल प्रत्येक टीममध्ये एकजण तरी रचत असतो.

मी मूळचा सोनपेठचा, जिल्हा परभणी. आता म्हणाल, सोनपेठच्या माणसानं बर्फावर बोलावं म्हणजे कोकणातल्या माणसानं उंटावर बोलण्यासारखं झालं. मान्य. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीत पारा ३ अंशांच्या आसपास उतरला तेव्हा अख्ख्या मराठवाड्यात तीच बातमी होती, पण तेवढ्यानं पाणी गोठत नाही. आमच्याकडे नळी फुटते ती मे महिन्याच्या उन्हानं. तरीही माझं म्हणणं आहे की या विषयात सोनपेठच्या माणसाला मिनेसोटाच्या माणसापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात. कशा, ते सांगतो.

थोडं गणित करू. अर्धा इंची, साडेसात मीटर लांबीची नळी घ्या. तिच्यात पाणी किती मावतं? एक लिटरसुद्धा नाही. गाडीतली टाकी १५० लिटरची धरा. दर लिटरमागे थंडीला उघडा पडणारा पृष्ठभाग काढला तर नळीचा टाकीच्या साधारण पंचवीस पट येतो. म्हणजे टाकीतलं पाणी रात्रभर तग धरतं, तेव्हा नळीतलं कधीच बर्फ झालेलं असतं. त्यात टाकी गाडीच्या आत असेल तर तिला घराची ऊबही मिळते. नळी बिचारी बाहेर, जमिनीवर, वाऱ्यात. वारा तिला हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, पण तिथवर लवकर नेऊन पोचवतो. आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. बंद नळ आणि बर्फाचा बूच यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि सांधा नाहीतर नळाची चकती फुटते. फुटल्याचं कळतं मात्र बर्फ वितळल्यावर. (प्रॉडक्शनमधला बग शुक्रवारी घुसतो आणि सोमवारी सापडतो, तसंच.)

यावर बाजाराचं उत्तर आहे गरम नळी. नळीच्या अंगात तापणारी तार आणि थर्मोस्टॅट. चांगली वस्तू आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण तिच्यावर विसंबणं म्हणजे काय ते पाहा. एक, वीज गेली की ती साधी नळी होते, आणि वीज जाते ती नेमकी वादळाच्या रात्री. दोन, नळी गरम आहे, पण तिच्या टोकाचा नळ? तो उघडाच असतो, तोच आधी गोठतो. म्हणून त्यालाही तार गुंडाळा, वर फोम लावा. तीन, थंड प्रदेशात जे न गोठणारे नळ असतात त्यांची गंमत तर और आहे. त्यांचा खरा व्हॉल्व्ह जमिनीत खोल, जिथवर गारठा पोचत नाही तिथे असतो. नळ बंद केला की वरच्या उभ्या पाईपातलं पाणी खालच्या बारीक भोकातून जमिनीत झिरपून जातं आणि पाईप कोरडा होतो. म्हणून तो गोठत नाही. पण आपण त्याला भरलेली नळी रात्रभर जोडून ठेवली तर तो पाईप नीट रिकामा होत नाही, आणि 'न गोठणारा' नळसुद्धा फुटतो. म्हणजे ज्यानं तो नळ बनवला त्यानंही उत्तर तेच दिलं होतं: पाणी काढून टाका. आपण नळी जोडून ते उत्तर खोडतो.

आता सोनपेठ. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात वाढलेल्या माणसाला 'नळ आले' हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. नळ येतात आणि जातात. आज आले तर पुन्हा कधी येतील हे गल्लीतल्या काकूंना नगरपरिषदेपेक्षा आधी कळतं. नळ आले की झोपेतून उठायचं, टिल्लू मोटर लावायची, हिरवी नळी अंथरायची, हौद, ड्रम, हंडे, कळशा भरून घ्यायच्या. पाणी गेलं की नळी एका टोकापासून उचलत उचलत रिकामी करायची आणि गुंडाळून खुंटीला टांगायची. नळी जोडून ठेवणे हा प्रकारच नाही. पाणी घरात असतं ते टाकीत. नळी फक्त आणण्यापुरती.

गोठत्या थंडीत आरव्हीवाल्यानं नेमकं हेच करायचं असतं. दुपारी, ऊन असताना नळी जोडायची, आतली टाकी काठोकाठ भरायची, नळ बंद करायचा, नळी झटकून रिकामी करून आत ठेवायची. मग तीन-चार दिवस गाडीचा छोटा पंप टाकीतलं पाणी खेळवतो. ज्याला आपण भाषेत 'चोवीस तास पाणी' म्हणतो त्याची सवय असलेल्या माणसाला हे गैरसोयीचं वाटतं. आपल्या क्षेत्राच्या भाषेत बोलायचं तर तो अखंड कनेक्शन गृहीत धरून सिस्टिम बांधतो, आणि आम्ही कनेक्शन तुटणारच असं धरून. बर्फ पडला की कुणाची सिस्टिम टिकते ते वेगळं सांगायला नको :-)

यावर एक रास्त आक्षेप येतो: 'अरे, सुट्टीला आलोय, हंडे भरायला नाही.' खरंय. महिनाभर एकाच जागी, उणे पंधरात, लेकराबाळांसह राहणार असाल तर गरम नळी घ्याच. रोज आंघोळी, रोज भांडी, टाकी दीड दिवसात संपते. पण तेव्हासुद्धा टाकी भरलेली ठेवा. गरम नळी ही सोय आहे, भरलेली टाकी हा आधार आहे. या दोघांची अदलाबदल झाली की गोची होते.

तसंच उबेचं. बरेच जण गॅस वाचवायला आत विजेचा हीटर लावतात. खोली उबदार होते, म्हणून गाडीचा मूळ गॅसवरचा भट्टी-हीटर चालूच होत नाही. आणि पुष्कळ गाड्यांत जमिनीखालच्या टाक्या आणि पाईप यांना ऊब मिळते ती त्याच भट्टीच्या हवेतून. माणसं वर मजेत, पाईप खाली बर्फात. आणि स्पितीवाल्यांसाठी खास: आपल्या घरगुती सिलिंडरमधला गॅस ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होऊन बाहेर येतं, ब्यूटेन मात्र शून्याच्या जरा खालीच थबकतं. काझाला रात्री उणे वीस असताना सिलिंडर जड लागतो आणि शेगडी पेटत नाही, त्यामागे हे कारण आहे. हीटर गॅसचा असेल तर पुढचं तुम्हीच समजा.

आता दुसरी नळी. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तिच्यातून जे जातं त्याच्याकडे बघायची आपल्याला सवय नाही. फ्लॅटमध्ये फ्लश केलं की विषय संपतो. आरव्हीत तो संपत नाही, टाकीत साठतो. एक टाकी मोरी-सिंकच्या पाण्याची, एक संडासची. उन्हाळ्यात लोक मोरीच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, पाणी आपलं वाहतंय. थंडीत हे केलं की थेंब थेंब पाणी नळीत जातं, तळाला बर्फाचा पातळ थर धरतं, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि दोन दिवसांत नळीचा दगडी खांब होतो. घरात नळ टिपकत ठेवला की पाईप गोठत नाही हा जुना तोडगा इथे उलटतो, तो असा.

उपाय परत तोच. दोन्ही व्हॉल्व्ह बंद. टाकी बरीच भरली की दुपारी नळी जोडा, आधी संडासची टाकी, मग मोरीची, एका झटक्यात सोडा. एकदम सुटलेलं पाणी गोठायला थांबत नाही. नळीला सगळीकडून उतार हवा, मध्ये झोळ नको. धुवा, निथळवा, उचला. टाकीतच बर्फ धरू नये म्हणून आरव्हीसाठी मिळणारं गुलाबी, प्रोपिलीन ग्लायकॉलचं द्रव थोडं ओतता येतं. गाडीच्या रेडिएटरमधलं ओतू नका. ते बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे.

अमेरिकेत ही नळी निदान कुठेतरी जोडता येते. स्पितीत कुठे जोडणार? ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलला हिवाळ्यातही गाड्या पोचतात. स्पितीला किन्नौरच्या बाजूनं जाता येतं. रस्ते झाले, पण टाकी रिकामी करायची सोय जवळपास नाहीच. मग पहाटे कुठल्यातरी वळणावर व्हॉल्व्ह उघडला जातो. 'सगळं गोठतंच की' हे त्याचं समर्थन. गोठतं, म्हणजेच टिकतं. त्या थंडीत मैला कुजत नाही, जमिनीत मुरत नाही. तो वसंतापर्यंत वाट बघतो आणि बर्फाच्या पाण्याबरोबर खालच्या गावाच्या ओढ्यात उतरतो. तो ओढा म्हणजे त्या गावाचा नळ.

लडाख-स्पितीच्या लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. तिथला पारंपरिक संडास दोन मजली आणि कोरडा असतो. वर बसायचं, खाली माती-राख टाकायची, पुढे त्याचं खत शेतात. पाणीच नाही, म्हणून गोठायला काही नाही. व्हॅनमध्येही कोरडा संडास बसवता येतो. माझं स्पष्ट मत आहे: ज्या गावात हिवाळ्यात घरोघरी नळ बंद असतात तिथे फ्लशचा संडास घेऊन जाऊ नये. कोरडा बसवा, नाहीतर होमस्टेत राहा आणि गावचा संडास वापरा. दोन्ही नको असेल तर मे महिन्यात जा.

शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या गावाचा आहे. सोनपेठ-गंगाखेड पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो माणसं संसार चाकांवर लादून निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, लेकरं, कोयते. ऊसतोडीला. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडाशेजारी कोपी टाकून सगळा हिवाळा काढतात. आमच्या तालुक्याचं विंटर कॅम्पिंग ते हे. त्यांची नळी गोठत नाही, कारण नळीच नसते. बायका पहाटे अंधारात उसाच्या आडोशाला जातात आणि पाणी जिथून मिळेल तिथून आणतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा त्यांच्या राहणीकडे शहरातल्या लोकांचं लक्ष गेलं. मग पुढचा हंगाम आला.

एक इंजिनियर म्हणून मला दिसतं ते असं. आरव्ही म्हणजे तंत्र काय आहे? एक पाण्याची टाकी, एक मैल्याची टाकी, दोन व्हॉल्व्ह, चार चाकं. बेड आणि फ्रिज काढून टाका, उरतो तो फिरता संडास आणि पिण्याच्या पाण्याची टाकी. ती ट्रॅक्टरला जोडून टोळीबरोबर फडावर नेता येते. तिला ना गरम नळी लागते, ना थर्मोस्टॅट. आपल्या हवामानात तर गोठण्याचाही प्रश्न नाही. कारखान्याकडे वजनकाटा आहे, वाहनांची नोंद आहे, कोणती टोळी कुठल्या फडात आहे हे रोज कळतं. टाकी कधी भरायची आणि कधी उपसायची याचं वेळापत्रक लावणं हे त्यापुढे काहीच काम नाही. उसाची मोळी ज्या शिस्तीनं गव्हाणीत पोचते त्याच्या दहाव्या हिश्श्याची शिस्त पुरेल.

उणे वीसमध्ये आठवडाभर मौज करता यावी म्हणून आपण तापणारी नळी शोधून काढली. पाच महिने राबणाऱ्यांसाठी दोन टाक्या आणि चार चाकं शोधायचीही नाहीत, ती तयार आहेत. कारखान्यांनी हा खर्च गाळपाच्या हिशेबात धरावा आणि सरकारनं तो धरायला लावावा, एवढंच बाकी आहे. तोवर स्पितीला जाणाऱ्या मित्रांना माझा निरोप: टाकी भरा, नळी गुंडाळा, आणि मागे काही सोडून येऊ नका.