किती बसला?

आमच्या गंजाडात मोटार बाळगणारी जी थोडीफार मंडळी आहेत, त्यांच्यात एकमेकांची खुशाली विचारण्याची पद्धत अलीकडे बदलली आहे. पूर्वी ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारत. आता ‘किती बसला?’ असं विचारतात. नवख्या माणसाला वाटावं, घसा बसला की धंदा बसला! तसं काही नसतं. मोटारीच्या विम्याचा हप्ता किती बसला, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. उत्तर देणारा बिचारा आकडा सांगतो. तो ऐकून विचारणारा असा चेहरा करतो की, समोरच्याचा खिसा डोळ्यांदेखत कापला गेला असावा. मग हळूच म्हणतो, “अरेरे! मला सहाशेनं कमी पडला.” त्या सहाशे रुपयांच्या जोरावर पुढचं वर्षभर तो शहाणा म्हणून वावरतो.

या ‘किती बसला’ पंथाविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत.

तुलना करू नये असं मी म्हणत नाही. आपण वांगी घेताना तीन टोपल्या हाताळतो. मुलगी बघायला जाण्याआधी तिच्या मामापर्यंतची चौकशी करतो. साडीच्या दुकानात तर आमची सौ. भाव विचारण्याआधी पदर उलगडते, काठ बघते, सूत चुरगळून बघते आणि सगळ्यात शेवटी विचारते, “केवढ्याला?” हीच सौ., आणि हेच तिचे बंधुराज, विमा घेताना मात्र पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच विचारतात, “केवढ्याला?” पदर कुणी उलगडत नाही. अपघात होईपर्यंत तो पदर घडीतच असतो. झाला की उलगडतो, आणि तेव्हा कळतं की मधे कापडच नाही.

एके काळी ही कटकट नव्हती. १९७३ सालच्या १ जानेवारीपासून देशातल्या शंभरावर विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन त्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. चौघींचं दरपत्रक एकच. त्यामुळे तुलना करायची ती एजंटच्या स्वभावाची. कुणाचा एजंट दिवाळीला कॅलेंडर आणून देई, कुणाचा नुसताच हसे. पुढे २००० सालापासून खाजगी कंपन्या आल्या आणि २००७ च्या १ जानेवारीला दरपत्रकाची सक्तीही उठली. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा कोणत्या दराने विकायचा, हे कंपन्यांच्या हाती आलं. तेव्हापासून सूट सुरू झाली. इतके टक्के सूट, तितके टक्के सूट, आजच घेतलंत तर आणखी सूट! माझ्या अल्पमतीप्रमाणे, जो माणूस विकतानाच एवढं सोडतो, तो देताना काय धरून ठेवील याची आधी चौकशी करावी.

ही स्वस्ताई होते कशी? आमचे शेजारी नाना यांनी गेल्या वर्षी सगळ्यांत स्वस्त पॉलिसी शोधून काढली आणि पेढे वाटावेत तशी गावभर दाखवली. मी ती हातात घेऊन वाचली. पॉलिसी वाचणारा माणूस आमच्याकडे संशयास्पद समजला जातो, पण मास्तरकी केलेल्या माणसाला छापलेलं काही सोडवत नाही. त्यात दोन करामती होत्या.

पहिली करामत गाडीच्या किमतीची. विमा कंपनी गाडीची एक किंमत धरते. गाडी चोरीला गेली किंवा पार चक्काचूर झाली, तर तेवढेच पैसे मिळतात. नानांची गाडी चार लाखांची धरायला हवी होती, ती तीन लाख चाळीस हजारांची धरलेली. किंमत कमी, म्हणून हप्ता कमी! त्यात कंपनीचं औदार्य कुठं आलं? जुन्या दरपत्रकात मुंबई-पुण्यासारखी आठ मोठी शहरं ‘अ’ विभागात आणि बाकीचा देश ‘ब’ विभागात असे. हजार सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला ‘अ’ विभागात किमतीच्या ३.१२७ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.०३९ टक्के दर असे. (मुंबईत न राहण्याबद्दल सरकारने गंजाडकराला दिलेलं बक्षीस ते एवढं! चार लाखांच्या गाडीवर तीनशे बावन्न रुपये.) त्या हिशेबानं साठ हजार कमी धरले की हप्ता अठराशे रुपयांच्या आसपास कमी होतो, आणि सूट वजा केली की त्याहूनही थोडा. म्हणजे नानांनी अठराशे वाचवले आणि साठ हजार सोडले. एवढा सौदा पानिपतावरही झाला नसेल.

दुसरी करामत म्हणजे ‘पहिले इतके रुपये मी सोसेन’ अशी लेखी कबुली. लहान गाडीला पहिले हजार रुपये तसेही आपल्याच खिशातून जातात. त्यावर आपण आणखी सोसायची तयारी दाखवली की सूट मिळते. जुन्या दरपत्रकात पंधरा हजार सोसायला तयार असणाऱ्याला जास्तीत जास्त अडीच हजारांची सूट होती. नानांनी ही कबुली न वाचता दिली होती. “अहो, आम्ही जपून चालवतो,” ते म्हणाले. नाना जपून चालवतात हे खरं आहे. पण आशागडच्या वळणावर संध्याकाळी जो गोऱ्हा रस्त्यात आला, तो जपून चालत नव्हता.

आता गंजाड कुठं आलं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. डहाणू रोड स्टेशनवर उतरून चारोटीच्या बाजूला निघालात की आशागडच्या पुढे आमचं गाव लागतं. वारली चित्रकला ज्यांनी जगभर नेली, ते पद्मश्री जिव्या सोमा म्हसे इथल्याच कळंबीपाड्याचे. त्यांच्यामुळे गंजाडचं नाव परदेशातल्या कलादालनांत माहीत आहे. विमा कंपनीच्या फोनवर मात्र ते माहीत नाही.

“सर, आपण कुठून बोलताय?”

“गंजाड.”

“गाझियाबाद?”

“गंजाड! डहाणू तालुका, पालघर जिल्हा.”

“सर, जवळची खूण सांगा. मॉल, मल्टिप्लेक्स...”

“वडाचं झाड आहे. त्याखाली म्हैस आहे.”

“ओके सर. म्हशीच्या समोर की मागे?”

नानांची गाडी त्या वडाखाली रात्रभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी समजलं की गाडी ओढून नेण्याची सोय फुकट असली तरी ठरावीक अंतरापर्यंतच, आणि कंपनीच्या यादीतलं, रोख पैसे न मागणारं सर्वांत जवळचं गॅरेज वापीला. वापी म्हणजे गुजरात! नानांची गाडी राज्याची हद्द ओलांडून परक्या मुलखात दुरुस्तीला गेली. जाण्याचे वरचे किलोमीटर नानांनीच भरले.

त्यानंतर जे सुरू झालं, ते बघून मला आमच्याकडचा तारपा नाच आठवला. वारली चित्रात तो तुम्ही पाहिला असेल. हातात हात गुंफून माणसं गोल फिरताहेत आणि मधे तारपावाला. नाना गॅरेजकडे गेले. गॅरेजवाला म्हणाला, सर्व्हेअर आल्याशिवाय हात लावणार नाही. सर्व्हेअर म्हणाला, कंपनीचं पत्र आल्याशिवाय येणार नाही. कंपनी म्हणाली, गॅरेजचा अंदाज आल्याशिवाय पत्र देणार नाही. हातात हात गुंफून सगळे फिरताहेत! फरक एवढाच की आमच्या नाचात तारपा कोण वाजवतोय ते दिसतं.

शेवटी हिशेब आला. दर्शनी बंपर प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी या वस्तूंची निम्मी किंमत झिजेपोटी कापायची, असा साध्या पॉलिसीचा नियम आहे. झीज न कापणारी पुरवणी जादा पैसे देऊन मिळते, पण नानांनी ती स्वस्ताईपायी गाळली होती. समजा, बंपर दहा हजारांचा. निम्मे गेले, राहिले पाच. त्यातून सक्तीचे हजार गेले, राहिले चार. आणि नानांनी सोसायचं कबूल केलेले पंधरा हजार? चारातून पंधरा कसे वजा करायचे, हे मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. पण ऋण संख्या माणसाच्या चेहऱ्यावर कशी दिसते ते त्या दिवशी पाहिलं.

शिवाय बोनस. वर्षभर भरपाई मागितली नाही की पुढच्या वर्षी हप्त्यात वीस टक्के सवलत मिळते. मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास टक्के. एकदा मागितलीत की सगळी गेली, पुन्हा शून्यापासून पाढे. म्हणजे दहा हजारांचा हप्ता बोनसमुळे पाच हजारांत भरणाऱ्यानं चार हजारांची भरपाई घेतली, तर पुढच्या वर्षी पाच हजार जादा भरायचे. लहानसहान चेंगरलेल्या पत्र्यासाठी कंपनीच्या दारी जाऊ नये, हा हिशेब एजंटनं सांगायला हवा. तो सांगत नाही. कंपनी तर नाहीच नाही. आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकलीत तरी तो तुमच्याबरोबर नव्या गाडीवर आणि नव्या कंपनीकडे येतो. एका कंपनीचा कंटाळा आला तरी बोनस बुडेल म्हणून तिच्याच पदराला धरून राहणारे भाबडे मी पाहिले आहेत. खुशाल सोडा तिला. मात्र मुदत संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत नवी पॉलिसी घ्या, नाहीतर बोनस खरोखरच बुडतो.

मग तुलना करायची कशाची? माझं मत विचाराल तर, कंपन्यांचा तक्ता मुंबईच्या खुर्चीत बसून वाचू नये. आपली गाडी जिथं बंद पडणार आहे तिथं, म्हणजे मनानं त्या वडाखाली, उभं राहून वाचावा. सर्वांत जवळचं गॅरेज किती लांब? ओढून नेण्याची सोय किती किलोमीटरपर्यंत? गाडीची किंमत सगळ्यांनी सारखीच धरली आहे ना? आपण सोसायचे पैसे किती? झिजेची पुरवणी आहे की नाही? पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करताना बिघडलं, तर साधी पॉलिसी हात वर करते. आमच्याकडचा पावसाळा ज्यानं पाहिला आहे, त्यानं इंजिनाची पुरवणी आहे का, हे जरूर विचारावं. भूकंपाची भरपाई मात्र सर्वसमावेशक पॉलिसीत असते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीनं जे हादरे खाल्ले, त्यानंतर आम्हा लोकांना ती ओळ वाचून जरा बरं वाटतं. कोणत्या कंपनीविरुद्ध किती तक्रारी आल्या, हे विमा नियामक प्राधिकरण दरवर्षी छापतं. सवलतींची जाहिरात वाचण्याआधी ते पान वाचावं.

एवढं करूनही कंपनीनं नाडलंच तर विमा लोकपाल आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची आणि मग तिकडे जायचं. वकील लागत नाही, फी लागत नाही. ‘किती बसला’ पंथातल्या एकालाही हे ठाऊक नाही. त्यांना फक्त सूट ठाऊक आहे.

पण माझा खरा राग याहून वेगळ्या कारणासाठी आहे. विम्याचे दोन भाग असतात. एक, आपल्या गाडीचा. त्यात ही सगळी घासाघीस चालते. दुसरा, आपल्या गाडीखाली सापडणाऱ्याचा. त्याचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा सारखाच. जून २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये आणि आपल्या नेहमीच्या मोटरसायकलीला ७१४ रुपये. इथं तुलना करायला काही नाही, म्हणून पंथाला यात रस नाही. “तो कंपल्सरी पार्ट हो,” असं म्हणून ते नाक मुरडतात, जसं काही ती घरपट्टी आहे.

संध्याकाळी आमच्या रस्त्यावर एकदा येऊन बघा. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बाया एका रांगेत कडेनं चाललेल्या असतात. शाळेतून पोरं येत असतात. दिवे नसतात, पदपथ नसतो. त्यांच्यातल्या कुणाला गाडीनं उडवलं तर त्या घराकडे बोनस नसतो, पुरवणी नसते, तुलना करायला तक्ता नसतो. तुम्ही भरलेला तो ‘कंपल्सरी पार्ट’ हाच त्यांचा विमा. तो भरलेला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणानं ठरवलेले पैसे देणारं कुणीतरी मोठं उभं असतं. नसेल, तर ते पैसे गाडीवाल्याकडून वसूल करायचे. आणि ज्याच्यापाशी ७१४ रुपये नव्हते त्याच्यापाशी ते कुठून असणार? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. तरी देशातल्या निम्म्याहून अधिक गाड्या विम्याविना धावतात, असं संसदेच्या समितीपुढे आलं होतं. त्यांत मोटरसायकली सर्वांत जास्त.

म्हणून हल्ली कुणी माझ्याशी विम्याच्या दरावर बोलायला आला की मी आधी त्याची पॉलिसी मागतो आणि मुदतीची तारीख बघतो. कालच एक गृहस्थ आले होते. स्वस्त कंपन्यांची सात नावं त्यांना तोंडपाठ होती. पॉलिसी संपून चार महिने झाले होते. मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या गाडीची किल्ली खुंटीला लावून ठेवली. ते एस.टी.नं घरी गेले.