गर्दी होण्याआधी

मे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत वाशीची बाजार समिती काही दिवस बंद ठेवावी लागली, कारण गर्दी दाराशी आल्यावर ती आवरायला फार उशीर झालेला असतो. पुढच्या साथीची तयारी निवांत दिवसांतच करायला हवी, म्हणून ‘साथीतला ग्राहक’ हा विषय आम्ही या अंकासाठी निवडला. दुकानांच्या दाराशी ताप मोजणारी यंत्रे आली खरी, पण लक्षणे नसलेला बाधित त्यांना सापडत नव्हता. तैवानने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे मास्कचे रेशनिंग सुरू झाले, कोणत्या औषधदुकानात किती मास्क शिल्लक आहेत ही माहिती सरकारने खुली केली आणि हौशी प्रोग्रामरांनी तिचे नकाशे बनवले. माल कुठे आहे हे घरबसल्या कळले की दुकानोदुकानीच्या चकरा वाचतात.

स्मार्टफोन नसलेल्या वृद्धांचे काय, हा आक्षेप रास्तच आहे. तैवानमध्ये नकाशा न पाहताही आरोग्य विम्याचे कार्ड दाखवून मास्क घेता येत असे. त्या कार्डावरून खरेदीची नोंद मात्र होई, आणि अशी नोंद किती काळ जपावी याची आम्हाला खरी काळजी वाटते. नकाशा दुकानातला साठा दाखवतो, माणसाचा माग काढत नाही. आमचा कौल अशाच तंत्रज्ञानाला आहे. दुकानदार, ग्राहक, अडते, तुमचा अनुभव याहून वेगळा असेल तर आम्हाला जरूर लिहा.